ऐंशी पैशांचे दिवस

२० मार्च २०२२, रविवार
पंपावर आज ही भली मोठी रांग. ठोक गिऱ्हाइकांचं डिझेल लिटरमागे पंचवीस रुपयांनी वाढवलंय. पेपरात मुंबईचा दर आहे : पंपावर ९४.१४, ठोक १२२.०५. मग टँकर कोण मागवेल? मोठ्या गाड्या आमच्याच रांगेत. पंपावरचा दर दिवाळीपासून जागचा हललेला नाही. पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल दहा तारखेला लागले. ऑटो स्टँडवर सगळ्यांच्या तोंडी एकच, निवडणुका संपल्या, आता आपली पाळी.

२२ मार्च, मंगळवार
आली पाळी. लिटरमागे ऐंशी पैसे. २०१७ पासून डिझेलचा दर रोज सकाळी सहाला बदलतो म्हणतात. पण रशिया युक्रेनमध्ये घुसला, तेव्हाही इथला दर गप्पच होता.

२७ मार्च, रविवार
पडोलीला टपरीवर कोळशाच्या ट्रकवाला भेटला. मालकाने त्याला ॲव्हरेज बांधून दिलंय. त्यापेक्षा जास्त डिझेल लागलं की पगारातून कापतो. घुग्घुसच्या रस्त्यावर भरल्या गाडीने गिअर किती बदलावे लागतात, हे मालकाच्या कागदात नाही.

२ एप्रिल, शनिवार, गुढीपाडवा
कालपासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. माझा ऑटो डिझेलवर. मला आज पाडव्याचे ऐंशी पैसे.

६ एप्रिल, बुधवार
सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ, मिळून दहा रुपये. पाच लिटर टाकलं की पन्नास रुपये जास्तीचे. प्रवाशाकडे ऐंशी पैसे मागता येत नाहीत. रोजची वाढ आपण गिळायची, आणि शेवटी एकदम पाच रुपये वाढवले की लुटारू आपणच. आज स्टँडवर ठरलं, पाच वाढवायचे. भाजी-कोथिंबिरीच्या टोपलीवाल्या मावशी म्हणाल्या, "काहून भाऊ, माह्या सांभाराचा भाव तं कोणी वाढवून नाही देत!" त्यांच्याकडून जुनंच भाडं घेतलं.

२३ एप्रिल, शनिवार
संपावरच्या एसटीवाल्यांना कामावर परतायला हायकोर्टाने दिलेली मुदत काल संपली. संपाच्या काळात आमच्या सीटा भरून जायच्या. आता लालपरी दिसली की लोक ऑटोतून उतरतात. आणखी भाडं वाढवायची बातच सोडा.

२३ मे, सोमवार
केंद्राने डिझेलवरचा कर सहा रुपयांनी उतरवला. राज्य म्हणतं, आम्हीही १.४४ कमी केले. मागच्या सीटवर एक गुरुजी होते. म्हणाले, "मुंबईत डिझेलवर व्हॅट २४ टक्के. सहाचे २४ टक्के काढ." काढले. १.४४. म्हणजे कर उतरला की हे आपोआपच उतरणार होते. मुंबईचा दर १०४.७७ वरून ९७.२८ वर आला तो साधारण असाच.

१५ जुलै, शुक्रवार
राज्यातल्या नव्या सरकारने डिझेलवरचा व्हॅट तीन रुपयांनी कमी केला. मुंबईत डिझेल ९४.२७. मार्चमधल्या वाढीआधीच्या दरापेक्षा जेमतेम तेरा पैसे जास्त. सकाळीच मावशींनी गाठलं, "डिझेल तं उतरलं म्हणते भाऊ, मंग लोकायचं भाडं काहून नाही उतरत?" प्रश्न खरा आहे. पण मधल्या चार महिन्यांत टायर, ऑइल, काहीच खाली आलं नाही. वाढ भोगताना जी उधारी झाली, ती अजून फेडतोय. रविवारी स्टँडवर बैठक आहे. भाडं तीन रुपयांनी तरी कमी करू, असं मी म्हणणार. नाहीतर एसटीत बसलेला माणूस परत येणार नाही. ज्यांचे गाडीचे हप्ते चालू आहेत, ते मानणार नाहीत. त्यांचंही चूक नाही.