भिंतीवरचा गडी

लेथच्या डाव्या अंगाला, छातीच्या उंचीवर, तो भिंतीला पाठ लावून उभा असतो. उभ्या विटेएवढा देह, राखाडी रंग, तोंडावर चार लाल आकडे आणि खाली सुपारीएवढी गोल खुंटी. कागदोपत्री त्याचं नाव व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा बदलणारा डबा. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवतला वाइंडिंगच्या दुकानात नुसतं ‘ड्राइव्ह’. लाईट आली की आकडे लुकलुकतात, पोटातला पंखा क्षणभर घुर्र करतो आणि तो वाट पाहत राहतो. हिरवं बटण दाबलं की मोटरमधून आधी बारीक शिट्टी येते, मग चक हलतो आणि सहा सेकंदांत पूर्ण वेग धरतो. धक्का नाही, घरातले दिवे मंद होत नाहीत, पट्टा किंचाळत नाही.

तो येण्याआधी या लेथला सिंगल फेजची मोटर होती. चालू करताना घरात सगळ्यांना कळायचं. वेग बदलायचा तर मशीन बंद करा, नट सैल करा, पट्टा पुलीच्या दुसऱ्या पायरीवर चढवा, पुन्हा ताण द्या. बोटं काळी. माणूस मग कंटाळा करतो आणि चुकीच्या वेगावर काम रेटतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मऊ लोखंडाला हायस्पीडच्या टूलखाली मिनिटाला साधारण २५ मीटरचा वेग मानवतो. म्हणजे २० मिलिमीटरच्या सळईला मिनिटाला चारशे फेरे आणि १०० मिलिमीटरच्या चकतीला फक्त ऐंशी. चकतीचं तोंड मारताना तर गंमत अशी, की टूल कडेकडून मध्याकडे सरकतं तसा घेर कमी होत जातो आणि वेग वाढवत न्यावा लागतो. पट्ट्याला ते कसं जमणार? आता उजव्या हातानं टूल आत सरकवायचं आणि डाव्या हातानं खुंटी हळूहळू फिरवत राहायची. पहिल्यांदा असं तोंड मारलं तेव्हा कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी चकाकी आली. मी तो तुकडा अजून जपून ठेवलाय.

त्याची खरी करामत डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, आणि ही लय कुणा एकाच्या हातात नाही. जिंतूर तालुक्यातल्या येलदरीच्या जलविद्युत केंद्रातलं जनित्र आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातलं जनित्र एकमेकांशी पाऊल जुळवूनच फिरतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळंही उरलेल्या देशाच्या पावलात पाऊल टाकू लागलं. चार पोलची मोटर या पन्नासाच्या लयीत मिनिटाला १४४० फेरे घेते. तिला दुसरं काही ठाऊकच नसतं. हा गडी मात्र वीज आली तशी पुढं सारत नाही. ज्वारी आधी दळून पीठ करावी आणि मग हव्या त्या आकाराची भाकरी थापावी, तसं त्याचं काम. २३० व्होल्टची हेलकावणारी वीज तो सरळ करून सुमारे ३२५ व्होल्टनं पोटातल्या कपॅसिटरमध्ये भरतो, आणि त्यातून बारीक बारीक तुकडे कापून नवी, तीन फेजची लय घडवतो. मोटरमधली शिट्टी ती या कापाकापीची. पंचवीस मागितले तर पंचवीस, आठ मागितले तर आठ.

तीन फेजची ही साधी, बिनब्रशची पिंजऱ्याची मोटर १८८९ साली बर्लिनमध्ये मिखाईल डोलिवो-डोब्रोव्होल्स्की या अभियंत्यानं घडवली. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलोय. त्या म्हणीची दोन्ही टोकं माझ्या शेडमध्ये एका वायरनं जोडलेली आहेत, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. मोटरला हवा तसा वेग देणारे असे डबे मात्र फार उशिरा आले. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीनं १९६८ साली ते कारखान्यात मोठ्या संख्येनं बनवायला सुरुवात केली.

मी दुकानात गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला, ‘केवढ्याला?’ तो चुकला. वाइंडिंगवाले काका म्हणाले, ‘आधी मोटरची पाटी वाचून या.’ कोपऱ्यात धूळ खात पडलेली जुनी तीन फेजची मोटर मी पुसून काढली. पाटीवर लिहिलेलं: १ एचपी, ४१५ व्होल्ट, १.८ अँपिअर, १४४० फेरे, जोडणी स्टार. काकांचा चेहरा खुलला. घरात येते सिंगल फेज; तिच्यातून हा ड्राइव्ह तीन फेज देतो खरा, पण व्होल्ट २३०च्या वर नेऊ शकत नाही. ४१५वर स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही गुंडाळ्या एका गाठीत बांधून, चालणारी मोटर डेल्टात, म्हणजे त्रिकोणात, बांधली तर तिला २३० पुरतात. आपल्याकडं दोन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा स्टारमध्ये असतात, म्हणून घरच्या कामाला त्या चालतात. तीन एचपी आणि पुढच्या मोटरी मुळातच डेल्टात, ४१५च्या. त्या या गड्याच्या हाती देऊ नयेत. अर्ध्या ताकदीवर कण्हत राहतात आणि तापतात.

पण झाकण उघडलं तर आत तीनच वायरी. डेल्टा करायला सहा टोकं लागतात. बाकीची तीन टोकं आत गुंडाळीतच एकत्र बांधून, वर दोरा आवळून, वार्निशखाली गाडलेली होती. काकांनी अर्धा दिवस घातला. दोरा कापला, ती गाठ शोधली, तीन तारा सोडवल्या, नव्या वायरी जोडून बाहेर आणल्या. घाई करणाऱ्या माणसाच्या हातून हे काम होत नाही.

डेल्टात तीच मोटर १.७३ पट करंट घेते, म्हणजे १.८चे ३.१ अँपिअर. म्हणून ड्राइव्ह एचपी बघून घेऊ नये, अँपिअर बघून घ्यावा, आणि ‘इनपुट सिंगल फेज’ असं त्याच्यावर लिहिलेलं असावं. एक एचपीचा पुरला असता. मी दोन एचपीचा, सात अँपिअरचा घेतला. कारण परभणीचा उन्हाळा. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंत पूर्ण काम करायची हमी देतात. त्यापुढं त्यांची ताकद उतरवून मोजायची. आमच्याकडं मे महिन्यात बाहेर सावलीतच चाळिशी ओलांडते, मग पत्र्याखालचं काय सांगावं! ज्याच्या अंगात थोडी जास्तीची रग आहे, तोच गडी अशा उन्हात टिकतो.

उन्हाइतकाच त्याला दुसरा त्रास सरकीचा आणि कापसाच्या तंतूचा. दिवाळीनंतर मानवतच्या जिनिंगा सुरू झाल्या की हवेत पांढरी म्हातारी तरंगते. ती त्याच्या पाठीवरच्या पंख्यात शिरते आणि पन्हाळ्यांमध्ये गादीसारखी बसते. पहिल्या हंगामात एका दुपारी तो मध्येच थांबला आणि तोंडावर ‘ओएच’ ही दोन अक्षरं. त्याचं दुखणं तो एवढ्याच शब्दांत सांगतो: ताप चढला तर ओएच, करंट जास्त झाला तर ओसी, वीज खाली गेली तर एलयू. ब्रशनं तंतू काढला, पाच मिनिटं गार होऊ दिलं, पुन्हा कामाला लागला. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्याची पाठ झाडून देतो.

त्याच्याशी वागायचे काही नियम आहेत. आलेली लाईट चुकून त्याच्या यू, व्ही, डब्ल्यू या टोकांना जोडली तर तो तिथंच संपतो. त्याच्या आणि मोटरच्या मध्ये स्विच ठेवून चालू मशीन तोडू नये, कपॅसिटर तर मुळीच लावू नये. आटे असलेला चक असेल तर भरवेगात उलटं फिरवू नये, चक सुटून अंगावर येतो. बंद केल्यावर दहा मिनिटं झाकणाला हात लावू नये. पोटातले ३२५ व्होल्ट लगेच विझत नाहीत. आणि अर्थिंग पक्कं हवं.

मोठेपणाचं एक खोटं श्रेय मात्र मी त्याला देणार नाही. वेग अर्धा केला की मोटरची ताकदही अर्धी होते. एक एचपीची मोटर २५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला पंचवीस हेलकाव्यांवर, अर्धा एचपीच देते. शिवाय तिचा स्वतःचा पंखा मंद पडतो आणि ती गरम होते. म्हणून जुनी पायऱ्यांची पुली आणि बॅकगिअर मी काढून टाकले नाहीत. जड काप असेल तर आजही पट्टा खालच्या पायरीवर उतरवतो. ड्राइव्ह आणला म्हणून पुली भंगारात घालणारे भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

याचे भाऊबंद आता शिवारातही आलेत. सौर कृषिपंपाचा जो डबा खांबावर असतो, त्यात एसी पंप असेल तर आत हाच गडी. पॅनेलची सरळ वीज घेऊन तो तिला तीन फेज करतो. सकाळी कोवळ्या उन्हात पंप हळू ओढतो, माथ्यावर सूर्य आला की जोरात, ढग आला की पुन्हा मंद. रात्रीच्या लाईटसाठी अंधारात बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याला त्यानं दिवसाचं पाणी दिलं, हे मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

मागच्या मृगाच्या तोंडावर, संध्याकाळी, पाथरीकडचे एक शेतकरी पेरणी यंत्राची झिजलेली बुश घेऊन आले. ‘दादा, सकाळी वापसा आहे, पेरायचं आहे.’ पितळेचा तुकडा चकात धरला. बोअर करायला लागलो तोच आकडे विझले आणि एलयू आलं. सगळ्या गावाच्या मोटरी एकदम सुरू झाल्या असाव्यात. पाहुणे दारातच उकिडवे बसले, चहा झाला. अर्ध्या तासानं आकडे पुन्हा उजळले. खुंटी अठरावर ठेवली, शिट्टी आली, चक फिरू लागला. बुश शाफ्टवर अंगठ्याच्या दाबानं बसली, तेव्हा साडेनऊ झाले होते.