चालतंय तोवर

टायमिंग बेल्टइतका घुमा भाग गाडीत दुसरा नाही. क्लच प्लेट संपत आली की चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. ब्रेक पॅड झिजले की चाकातून किंचाळी निघते. काही पॅडांना तर त्यासाठी मुद्दाम पत्र्याची पट्टीच बसवलेली असते. लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट ही मंडळी खड्ड्याखड्ड्याला खडखडून आपलं गाऱ्हाणं मांडत असतात. टायमिंग बेल्ट मात्र झाकणाआड निमूट फिरत राहतो आणि एक दिवस, बहुतेकदा काही न कळवता, तुटतो.

त्याचं काम सांगायला सोपं. खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट, आणि दोघांना एका तालात ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असतं तेव्हा एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत येऊन जातात, फक्त वेगवेगळ्या वेळी. पट्टा तुटला की कॅम थांबतो, क्रँक मात्र आधीच्या जोरावर फिरत राहतो, आणि वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड खोलावं लागतं. काही हजारांत भागणारं काम मग कुठे जाऊन थांबेल, हे खोलून बघितल्याशिवाय मिस्त्रीही सांगत नाही.

माझ्या गाडीच्या पुस्तकात बेल्ट बदलायचा म्हणून दिलेला आकडा मीटरवर दिसायला लागला, तेव्हा मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी वरचं झाकण सैल करून आत टॉर्च मारला, अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला आणि म्हणाले, "सर, बेल्ट चांगला हाय की. कशाला उगं चालत्या गाडीला हात लावायचा?" ज्याला कामाचे पैसे मिळणार तोच नको म्हणतोय! उलट चकचकीत सर्व्हिस सेंटरात गेलं की हातात यादी पडते: इंजेक्टर साफ करा, थ्रॉटल बॉडी साफ करा, एसीत औषध मारा, वायपर बदला, बॅटरीही आता बदलूनच टाका. सांगणाऱ्या पोरावर महिन्याचं टार्गेट असतं, ते त्याच्या घाईवरून कळतं. एकाकडे भरवसा, दुसऱ्याकडे धास्ती. आणि मोटारीतलं बेताचंच कळणारा माणूस मधे चहाचा कागदी कप धरून उभा.

मिस्त्रींच्या बोलण्यात नुसती काटकसर होती असं मात्र कुणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं अटलांटिकवर पाणबुड्या हुडकत फिरत, त्या काळी सी. एच. वॉडिंग्टन नावाचा, मूळचा गर्भविकासाचा अभ्यासक, तिथे आकडेमोडीच्या कामाला होता. ५० तासांच्या उड्डाणानंतर प्रत्येक विमानाची ठरलेली तपासणी होई. वॉडिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसलं ते असं, की अवचित होणारे बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सगळ्यांत जास्त असतात आणि पुढे तास वाढतील तसे कमी होत जातात. म्हणजे धड चाललेल्या गोष्टी खोलून पुन्हा बसवण्यातूनच काही बिघाड जन्माला येत होते. हे पुस्तकरूपाने लोकांसमोर यायला १९७३ साल उजाडलं. आमच्या मिस्त्रींनी ते वाचलेलं असण्याचा प्रश्नच नाही. पण घट्ट बसलेला नट सोडवला की त्याचा आटा जातो, जुना होज नुसता हलवला की दुसऱ्या दिवशी ठिबकायला लागतो, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक जाडजूड अहवाल लिहिला. त्यांनी पाहिलेल्या विमानाच्या भागांपैकी ८९ टक्के भागांना ठरावीक वय झालं म्हणून बदलण्यात काही लाभ नव्हता. ६८ टक्के भागांत तर बिघाडाचा धोका नवेपणीच सर्वांत जास्त, आणि एकदा स्थिरावले की वयाचा काही संबंध नाही. डीसी-८ विमानाच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात ठरावीक मुदतीने खोलून दुरुस्त करायचे ३३९ भाग होते. नवा विचार घेऊन आलेल्या डीसी-१०मध्ये उरले सात. इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल की मिस्त्रींचंच बरोबर, पुस्तक मिटून गाडी बाहेर काढावी.

पण त्याच अहवालात दोन गोष्टी आणखी आहेत. पहिली अशी, की वयाने झिजतात ते बहुधा साधेसुधे, एकाच कारणाने मरणारे भाग: टायर, ब्रेकचं अस्तर वगैरे. उष्णतेत वर्षानुवर्षं फिरणारा रबरी पट्टा याच जातकुळीतला. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. भाग किती जुना झाला हे विचारण्याआधी तो गेला तर काय होईल, हे विचारायचं.

आपल्याकडे हे शहाणपण अहवालावाचूनही वापरात आहे. बसगाड्यांचं बघा. रिमोल्ड केलेले टायर सहसा मागे लावतात, पुढे नवे. मागे प्रत्येक बाजूला जोडीची चाकं; एक टायर फुटला तरी दुसरा भार सांभाळतो, फार तर प्रवासी अर्धा तास बोंबलतात. पुढचा फुटला तर स्टीअरिंगच हातातून ओढलं जातं. टायर तोच, वयही तेच असेल, पण जागा बदलली की नियम बदलला.

ब्रेक ऑइलची गत याहून विचित्र. बाटलीतलं ते तेल हवेतली ओल शोषून घेतं, आणि त्यासाठी गाडी चालवावीही लागत नाही. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. गावात, बाजारात, ऑफिसला जाता-येता याचा पत्ताही लागत नाही, कारण तिथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत. आता हीच गाडी पोराबाळांसह, डिकी भरून आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरवा. साखरप्याच्या बाजूला उतरताना नवखा माणूस गिअर न पाडता सारखा ब्रेकवर पाय ठेवून राहतो. डिस्क तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल पोकळ होऊन खाली जातं. जो भाग रोज इमानाने काम करत होता तो नेमका त्या वळणावर नसतो. दर दोन वर्षांनी हे तेल बदलायला येणारा खर्च घरच्यांच्या एका हॉटेलच्या जेवणाइतका. इथे "चालतंय की" म्हणणं म्हणजे विषाची परीक्षा.

मी मिस्त्रींना बेल्ट बदलायलाच सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मग काम अंगावर घेतलेल्या माणसाच्या ठामपणाने म्हणाले, "मग टेन्शनर आन् पाण्याचा पंप बी आत्ताच घालू. परत एवढं कोण खोलणार?" पंप चांगला होता. पण तो याच पट्ट्यावर फिरतो. उद्या तो गळाला किंवा अडकला तर नवा पट्टाही त्याच्याबरोबर जाणार, आणि मजुरी पुन्हा तेवढीच. चांगला भाग बदलण्याचं याहून रास्त कारण मला ठाऊक नाही.

जुना पट्टा निघाला तो मी हातात घेतला. दाते सगळे शाबूत. पाठीवरची छापील अक्षरं पुसत आलेली. उलटा वाकवला तेव्हा पाठीवर केसासारख्या बारीक आडव्या चिरा दिसल्या. याचा अर्थ काय लावायचा? तो पुढच्याच महिन्यात तुटला असता, की आणखी तीस हजार किलोमीटर धावला असता? हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बदलला म्हणून वाचलो की पैसे फुकट गेले, याचा निकाल देणारी एकमेव घटना मीच पैसे भरून रद्द केली होती. बिल बघून घरी विचारणा झाली, "काय बिघडलं होतं?" काही बिघडलं नव्हतं, या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. तुटलेल्या बेल्टची गोष्ट माणूस आयुष्यभर रंगवून सांगतो. न तुटलेल्याची सांगणार काय? मिस्त्रींना असले प्रश्न पडले नाहीत. त्यांनी पट्टा माझ्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवला. गच्च बसलेला ऑइल फिल्टर सोडवायला असा पट्टा गुंडाळून ओढला की झकास पकड येते म्हणे.

सर्व्हिस सेंटरच्या यादीतल्या बाकीच्या गोष्टींना मी हात लावू दिलेला नाही. अल्टरनेटर, स्टार्टर, फ्युएल पंप हे ज्या दिवशी जातील त्या दिवशी जावोत. मी बहुधा शहरात असेन, रिक्षा मिळेल. वायपरची रबरं मात्र मे महिन्यातच बदलतो, कारण ती खराब झाल्याचं कळतं तेच मुळी पहिल्या धो-धो पावसात. राहता राहिली बॅटरी. ती चौथ्या वर्षात आहे आणि सकाळी एका चावीत गाडी उठते. मी एकटाच गाडी वापरणार असेन तर ती मरेपर्यंत मी तिला बदलणार नाही. जम्पर केबल डिकीत आहे, गल्लीत धक्का मारायला पोरं आहेत. लेक एकटीच रात्रीची रत्नागिरीहून निघणार असेल तर मात्र तीच बॅटरी आदल्या दिवशी बदलून घेईन. मिस्त्री हसले तर हसू देत.