थराचा हिशेब

उन्हाळ्यात सांगोला-पंढरपूर भागातल्या डाळिंबाच्या बागा पांढऱ्या दिसू लागल्या, की समजायचं केओलीनची फवारणी झाली. आंबे बहाराची फळं ऐन उन्हात पोसतात. ऊन लागून साल करपली, तर त्या फळाला भाव नाही. म्हणून कुणी केओलीन फवारतं, कुणी झाडांवर जुन्या साड्या टाकतं. त्याच बागेत खुरपणाऱ्या बायका गालांवरचं वांग घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्यापेक्षा फळांची निगा जास्त राखलेली असते.

सनस्क्रीन समजावताना मी या केओलीनपासून सुरुवात करते, पण एक फरक लगेच सांगावा लागतो. केओलीन ही पांढरी माती. ती ऊन परतवते आणि फळ तापू देत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडही आरशासारखं काम करतं, असं आम्ही डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं सांगत आलो. प्रत्यक्षात ही खनिजं अतिनील किरणं मुख्यतः शोषून घेतात. परतवण्याचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. झिंक ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर जायला साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि सुमारे ३७५ नॅनोमीटरहून आखूड लहरींत तेवढी ऊर्जा असते. चेहरा पांढराफटक होतो तो दिसणारा प्रकाश विखुरल्यामुळे. त्या पांढरेपणावरून संरक्षण मोजता येत नाही.

अ‍ॅव्होबेन्झोनसारखी सेंद्रिय रसायनंही शोषूनच काम करतात. यूव्हीए, म्हणजे लांब लहरींची अतिनील किरणं, अडवण्यात अ‍ॅव्होबेन्झोन वाकबगार, पण उन्हात स्वतःच मोडतं. सोबत ऑक्टोक्रिलीनसारखा आधार असला तर टिकतं. ट्यूबमागची बारीक अक्षरं वाचायची हौस असेल, तर ही जोडी शोधा.

आता एसपीएफ. त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० एसपीएफ ९८ टक्के. हे आकडे प्रयोगशाळेत मिळतात ते दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमचा थर दिल्यावर. चेहरा आणि मान धरून साधारण सव्वा ग्रॅम, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट भरून. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. माझ्याकडे येणाऱ्यांची ती गुढीपाडव्याला घेतलेली असते आणि मृग लागला तरी अर्धी शिल्लक असते. वर, "लावते की हो डॉक्टर रोज!" थर निम्मा झाला की ५० एसपीएफचं निम्मंच उरतं, कधी त्याहूनही कमी.

शिवाय एसपीएफ मोजतात त्वचेवर येणाऱ्या लालीवरून, तेही बहुतेक गोऱ्या कातडीवर. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असल्याने लाली उशिरा येते. आपलं दुखणं डागांचं. वांग यूव्हीएने वाढतं आणि दिसणाऱ्या निळ्या-जांभळ्या प्रकाशानेही. तो प्रकाश साध्या सनस्क्रीनमधून बराचसा आत जातो. त्याला लोह ऑक्साइड लागतं, गेरूला रंग देतं तेच. म्हणून वांग असलेल्यांना मी रंगीत सनस्क्रीन देते. "मेकअप केल्यासारखं दिसतं," ही तक्रार येते, विशेषतः सासू सोबत असेल तर.

वेळेचाही घोळ आहे. सोलापुरात सर्वाधिक उकडतं दुपारी तीन-चारला, पण सूर्य सर्वांत उंच असतो साडेबाराच्या आसपास, आणि अतिनील किरणांचा जोर तेव्हाच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो नेमका डोक्यावर येतो, ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा. ऑगस्टात वारा गार असतो, आभाळ अधूनमधून भरलेलं असतं आणि सनस्क्रीन कपाटात असतं. पातळ ढगांतून ही किरणं सहज उतरतात.

शेतात, रस्त्यावर दिवसभर राबणाऱ्याला महिन्याला दोन ट्यूब विकत घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना मी कापड सांगते, आणि यंत्रमागांच्या सोलापुरात त्याची वाण नाही. कापडाचा थर कमी पडत नाही, घामाने पुसला जात नाही. उजेडासमोर धरून बघा: वीण जितकी घट्ट आणि रंग जितका गडद, तितकं बरं. पातळ पांढरं सुती कापड फार काही अडवत नाही, आणि भिजलं की त्याहून कमी. डोकं गार राहावं म्हणून कापड भिजवायचंच असेल, तर सोलापुरी जाड टॉवेल भिजवा. पातळ पंचा कोरडाच ठेवा.