उकरलेली माती कुठे गेली?

भुईकोट पाहायला गेलो की मी आधी खंदकात उतरतो. तटाचं काही खरं नसतं. नवी राजवट तो उंच करते, पडल्यावर गावकरी त्याचे दगड घराच्या पायाला नेतात. खंदक कुणी पळवून नेत नाही. बुजला तरी जागेवरच असतो. हीच खोड घेऊन मी माया संस्कृतीकडे वळलो. त्यामुळे मेक्सिकोला निघालेल्या ओळखीच्यांना मी सांगतो, तुलुमच्या आधी बेकान बघा. ऐकत कुणी नाही. तुलुमला निळाशार कॅरिबियन समुद्र आणि कड्यावरचं देऊळ आहे, तीन बाजूंना दगडी तट आणि त्याला पाच दरवाजे आहेत. फोटोला एवढं पुष्कळ झालं. पण तो तट उशिराचा, स्पॅनिश येण्याच्या आधीच्या दोन-तीन शतकांतला.

बेकान त्याहून हजारएक वर्षांनी जुनं. कांपेचे राज्यात, चेतुमालहून एस्कार्सेगाकडे जाणाऱ्या महामार्गालगत, श्पुहिल गावाजवळ हे नगर आहे. १९३४ साली कार्नेगी संस्थेच्या कार्ल रुपर्ट आणि जॉन डेनिसन यांनी त्याची नोंद केली. नगराभोवती जवळजवळ २ किलोमीटर घेराचा खंदक आहे. रुंदी सरासरी १६ मीटर, मूळ खोली ५ मीटरांहून थोडी जास्त. आज तो झाडोऱ्याने आणि गाळाने बराच भरलाय. गाडीतून उतरलेले प्रवासी तो ओलांडून थेट मनोऱ्यांकडे जातात, आपण काय ओलांडलं हे त्यांच्या गावीही नसतं.

खंदक पाहिला की माझा पहिला प्रश्न असतो: निघालेला माल टाकला कुठे? दगडाची खाण असती तर तो माल इमारतींत गेला असता. पाणी साठवायचं असतं तर एवढ्या सच्छिद्र चुनखडीत कुणी हात घातला नसता. बेकानमध्ये तो सगळा आतल्या काठावर, नगराच्या बाजूला रचलाय. त्यामुळे खंदकाच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत तब्बल ११ मीटरांची चढण तयार होते. १९७० साली डेव्हिड वेब्स्टर यांनी इथे उत्खनन केलं. खंदक कोरडाच होता, संरक्षणासाठीच होता आणि इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास खणला गेला, हा त्यांचा निष्कर्ष. आत जायच्या सात वाटा आहेत. त्या भर घालून केलेल्या नाहीत, खणताना मूळ खडकच तेवढा सोडलाय. म्हणजे पहिला घाव घालण्याआधी आराखडा ठरला होता.

आपल्याकडचा दुर्गप्रेमी इथे बुरूज शोधेल. मीही शोधले. पण बुरूज लागतो तो तटाच्या पायथ्याशी चिकटलेल्या शत्रूला बाजूने मारा करता यावा म्हणून. इथे पायथाच खंदकाच्या तळाशी आहे. वर येणाऱ्याचे दोन्ही हात चढण्यात गुंतलेले, आणि वरच्याच्या हातात भाला किंवा नुसता धोंडा. उंची हेच मुख्य हत्यार. लोखंडी पहार नाही, बैल नाही, गाडा नाही. दगडी अवजारांनी खडक फोडायचा आणि माणसांनी पाठीवरून वाहायचा. असा लाखाहून अधिक घनमीटर माल हलवलाय.

माया म्हणजे आकाशाचे वेध घेणारे शांतताप्रिय पुरोहित, असं चित्र सिल्व्हेनस मॉर्ली आणि एरिक थॉम्पसन यांच्या पिढीने रंगवलं होतं. १९४६ साली बोनाम्पाकची भित्तिचित्रं उजेडात आली. त्यांतली लढाई आणि रक्ताळलेले कैदी पाहून ते डळमळलं. तरी ‘हे शेवटच्या काळातलं बिघडणं’ अशी पळवाट उरलीच होती. बेकानच्या खंदकाने ती बंद केली, कारण तो त्या चित्रांच्या निदान पाच शतकं आधीचा आहे. माझ्या मते मायांच्या युद्धाचा हा चित्रांपेक्षाही खणखणीत पुरावा. राजा चित्रात फुशारकी मारू शकतो. खडक फोडण्यात फुशारकीचा भाग कमी, धास्तीचा जास्त.

पण बेकानच्या लोकांकडे वेळ होता, हेही तोच खंदक सांगतो. वेळ नसला की काय होतं, ते ग्वाटेमालातल्या दोस पिलासला दिसतं. इसवी सन ७६१ मध्ये तिथल्या राजाचा पाडाव झाला. मागे राहिलेल्यांनी देवळांचे आणि राजवाड्याचे घडीव दगड उपसून चौकातच दुहेरी तट घातला. लेख कोरलेल्या जिन्यावरूनसुद्धा तो तसाच नेलाय. ज्या जिन्यावर पूर्वजांचे विजय कोरले होते, त्याचीही कुणी पर्वा केली नाही. खंदक खणायला उसंतच नव्हती. जवळ होते ते दगड रचले, त्यावर लाकडी कूड उभारला. त्यानेही फार काळ निभावलं नाही. बेकान आणि दोस पिलास एकापाठोपाठ पाहता आली तर उत्तमच. बेकान रस्त्याकडेलाच आहे. दोस पिलाससाठी मात्र सायाश्चे गाठून जंगलात शिरावं लागतं, तेव्हा पावसाळा टाळावा.