परसातला शिंजीर

फेब्रुवारी. सकाळचे साडेसात. शहरातले कॅमेरेवाले दिल्ली गेटजवळच्या सलीम अली सरोवरावर गेले असणार. मी मागच्या दारी, पालथ्या बादलीवर, चारशेची लेन्स मांडीवर घेऊन.

जास्वंदीवर शिंजीर आला. जेमतेम १० सेंटिमीटरचा जीव. थंडीत पिवळट अंगावर गळ्यापासून खाली एकच काळी रेघ होती. आता विणीचा जांभळा झगा चढतोय, अर्धामुर्धा, ठिगळाठिगळांचा. शटर १/२००० वर नेलं, तरी पंख पुसटच.

मग स्वारी थेट कपड्यांच्या तारेवर, माझ्यापासून दीड मीटरवर! माझ्या लेन्सला अडीच मीटरच्या आतलं काही दिसतच नाही. मागे सरकलो, बादली कलंडली.

फोटोत आलं ते हलणारं फूल, आणि त्याच्या बुडाशी चोचीनं पाडलेलं बारीक भोक.