डेकवरचा वॉचमन

अ‍ॅमस्टरडॅमला ऑनसाइट गेलेला आपल्यातला प्रत्येक जण एकदा तरी हाऊसबोटीसमोर फोटो काढतोच. मी थेट राहायलाच गेले. प्रिन्सनग्राख्त कालव्यावर, तीन आठवडे. मालकीणबाई सुट्टीवर, मी त्यांची झाडं आणि कुत्रा सांभाळायचा, असा सौदा.

शहरात अशा अडीचेक हजार बोटी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा लोक जुन्या मालवाहू बोटींत संसार थाटू लागले. आतून एकदम वन बीएचके! टेन्शन एकच. गेट नाही, सोसायटी नाही. रस्त्यावरच्या कुणीही एक ढांग टाकली की तो तुमच्या छपरावर.

म्हणून कुत्रा. मला वाटलं डॉबरमन असेल. निघाला राखाडी, झुबकेदार केसहोंड, डोळ्यांभोवती चष्मा काढल्यासारखा. नाव केस. ‘नाव केस आणि अंगभर केसच,’ असं फोनवर सांगितल्यावर आई म्हणाली, ‘झाडून घे रोज.’

पण हा गडी खानदानी निघाला. डच कालव्यांवरच्या मालबोटींचा हा पिढीजात राखणदार. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओरेंज घराण्याच्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘पेट्रियट’ पक्षाचं तो चिन्हच झाला होता. समोरच्या ओरेंज घराण्याचा कुत्रा कोणता? पग! हो, आपला हचच्या जाहिरातीतला. 1787 मध्ये प्रशियाचं सैन्य ओरेंजच्या मदतीला आलं, पेट्रियट हरले आणि शहरात केसहोंड पाळणं अडचणीचं झालं. जात टिकली ती बोटींवर आणि शेतांवर.

चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला बोट किंचित कलली. आवाज काहीच नाही. मी कुशीवर वळले, पण केस केव्हाच जिन्याच्या तोंडाशी. मग वर बुटांचा आवाज आला आणि त्याने असा काही आवाज लावला की शेजारच्या बोटीत दिवा लागला. बूट धावत लांब गेले. चोर की बारमधून परतणारा टुरिस्ट, देव जाणे. माझे हात मात्र सकाळपर्यंत थरथरत होते.

चावण्याच्या बाबतीत केस शून्य. ‘आत आलेल्याच्या मांडीत बसेल तो,’ मालकीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. बोटीवर दातांची गरजच नसते म्हणा. वजन पडलं की बोट कलते, ते त्याला आपल्याआधी कळतं. त्याने फक्त ओरडायचं.

फुकट मात्र काहीच नाही. दिवसभर एकटा ठेवला तर तो बदकांवरही भुंकतो, मग शेजारी आपल्यावर. शिवाय कालव्याच्या भिंती सरळसोट. कुत्रा पोहेल, पण वर चढणार कसा? म्हणून डेकवर जाताना पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट घालायचंच. मी एकदा कंटाळा केला, आणि त्याचा मागचा पाय कडेवरून घसरला. परत नाही केला कंटाळा.

शेवटच्या रात्री बोट पुन्हा कलली. या वेळी मलाही आधी कळलं. मी उठून बसले. केस भुंकला नाही, शेपूट आपटत जिन्यापाशी उभा राहिला.

मालकीणबाई एक दिवस आधी परतल्या होत्या.