निळी युकुलेली आणि भूपातला गंधार

गेल्या मे महिन्यात आमच्या नातीचा नववा वाढदिवस झाला. काय हवं म्हणून विचारलं, तर पटकन म्हणाली, "युकुलेली!" मला वाटलं, हा कुठला तरी नवा खाण्याचा पदार्थ असेल. मग तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. चार तारा, इवलंसं पोट, जणू गिटारचं पिल्लू.

मुलानं त्याच रात्री मोबाइलवरून मागवली. किंमत ८९९ रुपये. निळीशार, वर पांढरे डॉल्फिन काढलेले. "शिकेल, न शिकेल, उगाच जास्त पैसे कशाला घाला?" हा त्याचा हिशेब. मलाही तो पटला. आपण मध्यमवर्गीय माणसं. पहिली वस्तू साधी, हात बसला की चांगली, असंच आपण आयुष्यभर करत आलो.

पहिले चार दिवस घरात उत्साह होता. मग हळूहळू कुरकुर सुरू झाली. बोटं दुखतात, तारा दाबल्या जात नाहीत, व्हिडिओतल्या ताईसारखं वाजत नाही. पंधरा दिवसांनी एका दुपारी ती माझ्या खोलीत आली, वाद्य पलंगावर टाकलं आणि रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मला नाही जमत. मला सूरच नाहीये."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातलं विणकाम थांबलं. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

१९७१ साल. मी अकरा वर्षांची होते. आम्ही दांडिया बाजारात राहत होतो. बडोद्यात तेव्हा मराठी घरातल्या मुलीनं थोडंफार गाणं शिकावं, हे गृहीतच असे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली, फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारचे गवई. शहराला गाण्याचा असा वारसा. वडील साधे कारकून, पण त्यांनी हौसेनं मला शेजारच्या गल्लीतल्या एका क्लासात घातलं आणि रियाजासाठी जुन्या बाजारातून स्वस्तात एक पेटी आणली. भाता थोडा गळका होता, पण आमच्यासाठी ती राजेशाही पेटी होती.

क्लासात पहिला राग भूप. मी घरी त्या पेटीवर सकाळ-संध्याकाळ घासायची. आणि क्लासात गेले की गंधारावर गाडी अडायची. बाकीच्या मुली एकीकडे, मी एकीकडे. सहा महिन्यांनी बाईंनी वडिलांना सगळ्यांसमोर सांगितलं, "हिला सूर नाही हो. शिवणाच्या क्लासात घाला." वडील काही बोलले नाहीत. क्लास बंद झाला. मी शिवण शिकले, चांगलं शिकले. पण त्या दिवसापासून आरतीसुद्धा मी नुसते ओठ हलवून म्हणत आले. भजनी मंडळात माझ्याकडे टाळ असतो, चाळीस वर्षं.

१९९४ मध्ये वडील गेले. घर आवरताना पेटी कुणाला तरी द्यावी म्हणून दुरुस्तीवाल्यांना दाखवली. त्यांनी एकेक पट्टी दाबून पाहिली आणि म्हणाले, "ताई, यातली पांढरी तीन केव्हाची उतरलेली आहे. यावर शिकला असाल तर कान बिघडला असणार." पांढरी एकचा षड्ज धरला, तर पांढरी तीन म्हणजे गंधार. मी हसून विषय बदलला. रात्री मात्र खूप वेळ झोप आली नाही. वडिलांना काय बोल लावणार? त्यांनी त्यांच्या ऐपतीत होतं ते आणलं होतं. कुणी तपासून मात्र पाहिलं नव्हतं, एवढंच.

म्हणून त्या दुपारी मी नातीला म्हटलं, "थांब. आधी वाद्य तपासू, मग तुला तपासू."

भजनी मंडळामुळे माझ्या फोनमध्ये तानपुरा होताच. तो पांढरी एकला लावला. युकुलेलीच्या तारा कशा लावायच्या ते तिला पाठ होतं: जी, सी, ई, ए. आपल्या भाषेत सांगायचं, तर सीला षड्ज धरला की वरून खाली प, सा, ग, ध. गंमत म्हणजे वरची पहिली तार जाड खर्जाची नाही, ती मध्य सप्तकातला पंचमच आहे. गिटारपेक्षा हिचा आवाज वेगळा, हलका लागतो तो यामुळे. मी बोटांवर मोजलं. सा, ग, प, ध. म्हणजे तारा नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी भूपाचे पाचापैकी चार स्वर तयार! फक्त रिषभ उरला आणि तो षड्जाच्या तारेवर दुसऱ्या पडद्याला मिळतो.

तो रिषभ तिनं दाबला, आणि तानपुऱ्याशी अक्षरशः भांडला. चांगलाच चढलेला. पाच मिनिटांत पंचमाची तारही उतरली, कारण प्लॅस्टिकची खुंटी आपोआप सैल होत होती. पोरीचा काही दोष नव्हता. तिचा कान चांगला होता म्हणूनच तर तिला ते खटकत होतं.

रविवारी आम्ही तिघं रावपुऱ्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार गुजराती, वयस्क, घाई नसलेले. नात थेट गुलाबी रंगाकडे धावली, तसे ते मला म्हणाले, "बेन, रंग ना जोशो, सूर सांभळो." रंग पाहू नका, सूर ऐका. पुढचा तासभर त्यांनी जे शिकवलं ते आपल्या वाचकांपैकी आजी-आजोबांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी आकार. सोप्रानो साधारण २१ इंचांची, कॉन्सर्ट २३, टेनर २६ आणि बॅरिटोन ३० इंचांची. पहिल्या तिघी एकसारख्याच लावतात. बॅरिटोन मात्र गिटारच्या खालच्या चार तारांसारखी लावतात, म्हणून नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. लहान मुलांच्या हाताला सोप्रानो बरी. मोठ्या माणसांच्या बोटांना तिचे पडदे दाटीचे वाटतात, त्यांनी कॉन्सर्ट घ्यावी. आम्ही कॉन्सर्ट घेतली. नात वाढणारच आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही मनात विचार चालला होता.

मग खुंट्या. दातेरी चाकांच्या असाव्यात, फिरवल्यावर जिथे सोडाल तिथेच थांबणाऱ्या. त्यानंतर तारांची उंची. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. दांडीच्या वरच्या टोकाला ज्या पट्टीच्या खाचांतून तारा येतात, ती पट्टी उंच असली तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवर बोट फार दाबावं लागतं आणि तार ताणली जाऊन स्वर चढतो. आमच्या निळीचा रिषभ का चढत होता, ते तिथे कळलं.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा बाराव्या पडद्याची. तो तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे दाबलं की मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. दुकानदारांनी चारही तारांवर ते वाजवून दाखवलं. ज्या वाद्यात तो स्वर चढा किंवा उतरा येतो, ते कितीही सुंदर असलं तरी परत ठेवायचं. नंतर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा दाबून बघायची, कुठे खरखर येत नाही ना. आणि दांडीच्या कडेनं तळहात फिरवायचा, पडद्यांची टोकं टोचत नाहीत ना.

लाकडाबद्दल माझा समज होता की अखंड लाकूडच चांगलं. आवाजाला ते चांगलं हे खरं, पण कोरड्या हवेत तडकण्याची भीती असते. आपल्याकडे मे महिन्यात घशाला कोरड पडते आणि जुलैत दारं फुगतात. अशा हवेत, तेही लहान मुलाच्या हातात, पापुद्रे चिकटवून केलेलं लाकूड जास्त टिकतं आणि स्वस्तही पडतं. पहिल्या वाद्याला तेच बरं. बंद गाडीत उन्हात मात्र कोणतंच वाद्य ठेवू नये.

शेवटी त्यांनी एक सूचना दिली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तारा नायलॉनसारख्या असतात, नव्या असताना आठवडाभर ताणत राहतात. त्यामुळे पहिल्या दिवसांत रोज लावाव्या लागल्या तर घाबरायचं नाही. वाद्य खराब आणि तारा नव्या, यातला फरक ओळखायला शिका, म्हणाले. आणि आवाज वाढवायच्या हौसेनं पोलादी तारा कधीही चढवू नका, तो ताण हिच्या नाजूक अंगाला झेपत नाही.

पिशवीसकट ४,२०० रुपये झाले. मुलगा थोडा गप्प होता. बाहेर पडल्यावर मी त्याला म्हटलं, "आधीचे ८९९ वाचले असते, तर ही ४,२००लाच पडली असती." तो हसला. पेटीची गोष्ट मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली, परतताना, सूरसागराच्या काठावर.

घरी आल्यावर नातीनं या वाद्याचा इतिहासही शोधून काढला. १८७९ मध्ये मदेरा बेटावरची पोर्तुगीज माणसं ऊसमळ्यांत काम करायला जहाजानं हवाईत उतरली. त्यांच्याबरोबर त्यांचं चार तारांचं छोटं वाद्य गेलं, आणि त्यांच्यातल्या लाकूडकाम जाणणाऱ्यांनी तिथल्या लाकडातून तशी वाद्यं घडवायला सुरुवात केली. राजा कालाकाउआला ती आवडली आणि ती हवाईचीच होऊन गेली. युकुलेली या शब्दाचा अर्थ उडी मारणारी पिसू असा सांगतात. वाजवणाऱ्याची बोटं तशी उड्या मारतात म्हणे. होनोलुलूत कामाका नावाचा कारखाना १९१६ साली सुरू झाला, तो त्याच घराण्याकडे आजही आहे. मी तिला सांगितलं, "त्याच १९१६ साली आपल्या बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती, भातखंड्यांच्या पुढाकारानं." तिला ते फार आवडलं. परगावाहून आलेलं वाद्य परक्या मातीत रुजून तिथलंच होतं, हे आम्हा बडोदेकर मराठी माणसांना कुणी वेगळं समजावायला नको.

आता रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आमचा अर्धा तास असतो. ती व्हिडिओवरची गाणी वाजवते आणि शेवटची पाच मिनिटं माझी, भूपाची. सा मोकळी, रे दुसऱ्या पडद्यावर, ग, प, ध मोकळ्या, आणि वरचा सा ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. दोन ठिकाणी बोट ठेवलं की अख्खा आरोह.

पहिले काही दिवस मी नुसती ऐकत होते. एकदा ती वाजवता वाजवता थांबली आणि म्हणाली, "आजी, तू म्हण ना." मी म्हटलं, "मला सूर नाही गं." ती माझ्याच आवाजात म्हणाली, "थांब. आधी वाद्य तपासू," आणि ई तार छेडली. नीट लागलेली, स्वच्छ. मी डोळे मिटून गंधार लावला. पहिल्यांदा थोडा उतराच लागला, जुन्या सवयीनं. तिनं पुन्हा तार छेडली. तिसऱ्यांदा मिळाला. चोपन्न वर्षांनी.

मंडळाच्या कोजागरीला तिनं वाजवलं आणि मी शेजारी बसून भूपातली एक सरगम म्हटली. फार काही चांगलं झालं असं नाही. दूध घोटणाऱ्या मंडळींनी तर अर्ध्यावर लक्षही दिलं नसेल. पण टाळ त्या दिवशी मी घरीच ठेवून गेले होते.

निळी युकुलेली अजून नातीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. तिला ती टाकवत नाही, मलाही नाही. बिचारीचे डॉल्फिन छान आहेत.